झाड तोडावं, पण कधी?

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)

झाडं लावा, झाडं जगवा हे आपण रोज ऐकतो आणि ते बरोबरच आहे. आज मला मात्र झाड तोडण्याविषयी बोलायचं आहे. कारण झाडाला हत्यार लावायची वेळ प्रत्येकावर कधी ना कधी येतेच. फांदी विजेच्या तारेला लागते, मुळं भिंतीत शिरतात, घर वाढवायचं असतं, अंगणात मांडव घालायचा असतो. अशा वेळी आपण दोनच प्रश्न विचारतो : कोण तोडणार आणि किती घेणार? ‘कधी तोडायचं?’ हा तिसरा प्रश्न आपल्याला सुचत नाही. मलाही सुचला नव्हता. त्यापायी माझ्या अंगणातले दोन माड गेले.

मी वनस्पतिशास्त्राचा माणूस नाही. मराठी घेऊन बी. ए. झालो, कविता लिहितो. राहतो विरार पूर्वेला, फुलपाड्यात. पुढे पापडखिंडीचं धरण आणि मान वर केली की जीवदानीचा डोंगर. आता आजूबाजूला चाळी आणि इमारती दाटल्या आहेत, पण आमच्या जुन्या बैठ्या घरापुढे थोडं अंगण उरलं आहे. २००० साली मुलगी झाली तेव्हा अब्बांनी आगाशीहून माडाची तीन रोपं आणली. खड्डे मी खणले, रोपं त्यांनी लावली. म्हणाले, ‘पोरगी लग्नाला येईल तेव्हा घरचे नारळ असतील.’

२०१४च्या एप्रिलमध्ये आमच्या अंगणात लग्न झालं ते भाचीचं. मांडवाला झावळ्या अडत होत्या. मी एका माणसाला बोलावलं आणि सांगितलं, खालच्या सगळ्या झावळ्या काढ, अगदी खोडालगत, साफ. त्याने सांगितलं तसं केलं. दोष त्याचा नाही. हिरव्यागार झावळ्यांचा ढीग पडला आणि तिन्ही माड नुकतेच न्हाव्याकडून आल्यासारखे दिसू लागले. दोन-तीन दिवस कापलेल्या जागांतून रस पाझरत होता. अंगणात आंबूस, गोडसर वास भरला होता. लग्नाच्या गडबडीत बिर्याणी आणि अत्तराच्या वासापुढे तो कुणाच्या ध्यानात राहणार?

पावसाळा सरला आणि एका माडाच्या मधल्या झावळ्या पिवळ्या पडू लागल्या. मी खत घातलं. बुंध्याशी तपकिरी चिकट रस आणि चावून टाकल्यासारखा भुसा दिसत होता, तो पाण्याने धुऊन काढला. दिवाळीच्या सुमारास एका सकाळी माडाचा शेंडा मोडून अंगणात पडला. आत गाभा उरलाच नव्हता. कुजका भुसा होता आणि त्यात अंगठ्याएवढ्या, पिवळट पांढऱ्या, बिनपायांच्या अळ्या. माड तोडला, ओंडके कुंपणाशी रचून ठेवले, कधीतरी चुलीला होतील म्हणून. त्या माडावर एक कविताही लिहिली. पुढच्या वर्षी त्याच कुंपणाजवळचा दुसरा माड तसाच गेला.

तेव्हा कुणीतरी मला अर्नाळ्याच्या एका म्हाताऱ्या माडीवाल्यांकडे नेलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि दोनच प्रश्न विचारले. ‘हिरवी झावळी कापलीत तेव्हा घावावर काय लावलंत? आणि मेलेल्या माडाचे ओंडके कुठे आहेत?’ पहिल्याचं उत्तर होतं, काही नाही. दुसऱ्याचं उत्तर होतं, अजून कुंपणाशीच. ते म्हणाले, ‘एकदा तुम्ही घाई केलीत, एकदा उशीर.’ या दोन चुकांचीच गोष्ट आज मी सांगणार आहे.

माझे माड खाणारा कीडा म्हणजे सोंड्या भुंगा. तांबूस तपकिरी रंग, पाठीवर काळे ठिपके, लांबी साधारण तीन-साडेतीन सेंटिमीटर आणि पुढे लांब वाकडी सोंड. आपल्याकडे तो नवा नाही. भारतातल्या माडावरची कीड म्हणून कीटकशास्त्रज्ञ लेफ्रॉय यांनी १९०६ सालीच त्याची नोंद केली होती. निरोगी माडाचं टणक खोड पोखरून आत शिरणं त्याला सोपं नसतं. त्याला आयतं दार हवं असतं, आणि हे दार म्हणजे ओली जखम. हिरवी झावळी कापली, खोडावर पायऱ्यांसाठी खाचा पाडल्या, खिळा ठोकला की रस येतो, रस आंबू लागतो आणि वास सुटतो. त्या वासावर भुंगे येतात. मादी सोंडेने भोक पाडून अंडी घालते. तिच्या आयुष्यात दोन-तीनशे अंडी सहज होतात. तीन-चार दिवसांत अळ्या बाहेर पडतात आणि मऊ गाभा खात आत सरकतात. पुढे माडाच्याच धाग्यांचा कोश विणून त्यात झोपतात आणि भुंगा होऊन बाहेर येतात. अंड्यापासून भुंग्यापर्यंतचा हा फेरा साधारण तीन-चार महिन्यांचा असतो. एकाच माडात अंडी, अळ्या, कोश आणि भुंगे एकत्र नांदत असतात. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र पुष्कळ उशिरापर्यंत काही कळत नाही.

याचा जोडीदार आहे गेंड्या भुंगा. हा काळा, डोक्यावर शिंग असलेला. तो शेणखताच्या खड्ड्यात, उकिरड्यात वाढतो आणि माडाचा न उमललेला कोंब कुरतडतो. मग झावळी उमलते ती कात्रीने त्रिकोणी कापल्यासारखी. गेंड्याने पाडलेलं भोक पुढे सोंड्याला आयतं मिळतं. म्हणून माडाजवळचा उकिरडा वेळच्या वेळी उपसणं हेही जखम टाळण्यासारखंच आहे.

आता थोडं दूर जाऊ. जिच्या लग्नासाठी माड कापले ती भाची आता अमेरिकेत, टेक्सासमधल्या ऑस्टिन शहराजवळ राहते. २०२३च्या फेब्रुवारीच्या सुरुवातीला तिथे बर्फाळ पाऊस झाला. झाडांवर बर्फाची पुटं चढली आणि त्या भाराने शहरभर फांद्या मोडून पडल्या. तिचा फोन आला. म्हणाली, ‘मामू, आमच्या दारातल्या ओकची मोठी फांदी तुटली. शेजारचे आजोबा धावत आले, तर हातात करवत नाही, रंगाचा डबा! आधी जखमेला रंग लावला आणि मग म्हणाले, बाकीचं सावकाश बघू.’

ओक म्हटलं की आपल्याला आधी आडनावच आठवतं. सह्याद्रीत ते झाड नाही. हिमालयात आहे. उत्तराखंडात ज्याला बांज म्हणतात तो ओकचाच एक भाऊ. अमेरिकेत मात्र ओक म्हणजे आपल्याकडचे वड-पिंपळ. रस्त्यावर, शाळेत, दारात सगळीकडे. या झाडांना तिथे एक रोग होतो, त्याला ओक विल्ट म्हणतात. विल्ट म्हणजे मर, आपल्या शेतकऱ्यांना तुरीची मर माहीत आहे तशी. १९४०च्या दशकात विस्कॉन्सिन राज्यात तो ओळखला गेला. कारण आहे एक बुरशी. ती झाडाच्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांत शिरते. झाड तिला अडवायला जातं आणि आपल्याच नळ्या बुजवून घेतं. मुळं जमिनीत ओली आणि पानं वर तहानलेली, असा प्रकार. लाल ओकच्या जातीतलं झाड काही आठवड्यांतच मरतं. पांढऱ्या ओकच्या जाती जास्त काळ तग धरतात.

आता यात करवतीचा संबंध कुठे येतो ते पाहा. या रोगाने मेलेल्या लाल ओकच्या सालीखाली बुरशीची गादी वाढते. ती फुगते, साल तडकते आणि पिकलेल्या, आंबलेल्या फळासारखा वास सुटतो. त्या वासावर छोटे भुंगेरे येतात, खाऊन पिऊन अंगाला बुरशीची बीजं माखून उडतात. जवळपास कुणी निरोगी ओकची फांदी नुकतीच कापलेली असेल तर तिच्या ताज्या रसावर जाऊन बसतात. काम झालं. ताज्या जखमेवर हे भुंगेरे काही मिनिटांतच पोहोचू शकतात. माझ्या अंगणात जे सोंड्याने केलं तेच तिथे हा रसपिपासू भुंगेरा करतो. फरक एवढाच, की सोंड्या स्वतः झाड खातो आणि हा दुसऱ्याचा रोग घेऊन येतो.

बुरशीच्या गाद्या आणि भुंगेऱ्यांची धावपळ मुख्यतः वसंतात असते. म्हणून तिथल्या वनखात्यांनी पंचांग ठरवून दिलं आहे. टेक्सासमध्ये १ फेब्रुवारी ते ३० जून या काळात ओकला शक्यतो हत्यार लावू नये. उत्तरेकडे थंडी उशिरापर्यंत असते, म्हणून तिथे तारखा पुढे सरकतात. मिशिगनमध्ये १५ एप्रिल ते १५ जुलै हा काळ टाळायला सांगतात. झाड कापायचं तर कडाक्याच्या थंडीत कापा, तेव्हा बुरशीही निजलेली असते आणि भुंगेरेही. टेक्सासमध्ये तर कुठल्याही महिन्यात कापलं तरी जखमेवर लगेच रंग लावा असं सांगतात. वादळाला मात्र पंचांग कळत नाही. भाचीच्या दारातली फांदी मोडली ती नेमकी फेब्रुवारीत. म्हणून ते आजोबा डबा घेऊन धावले.

हे झालं निरोगी झाडाचं. रोगाने मेलेल्या झाडाचा नियम उलटा आहे. ते वसंतापर्यंत उभं ठेवलं तर त्याच्यावर गाद्या तयार होणार. म्हणून ते त्याआधीच हलवायचं, आणि त्याचं लाकूड सरपण म्हणून दुसऱ्या गावी न्यायचं नाही. शिवाय शेजारच्या ओकची मुळं जमिनीखाली एकमेकांना जुळलेली असतात. त्यांतून रोग एका झाडातून दुसऱ्यात जातो. त्यामुळे आजारी झाड पाडण्याआधी कधीकधी भोवती खोल चर खणून मुळांचा संबंध तोडावा लागतो. माडाच्या मुळांचं असं जुळणं होत नाही, तेवढं आपलं नशीब. आणि हा ओक विल्ट अजून तरी उत्तर अमेरिकेबाहेर सापडलेला नाही.

आपला सोंड्या भुंगा मात्र जगभर गेला. १९८०च्या दशकात तो आखाती देशांतल्या खजुराच्या बागांत पोहोचला. तिथून इजिप्त, आणि १९९०च्या दशकात रोपांबरोबर स्पेन. स्पेनमधल्या एल्चे गावच्या खजुराच्या बागांना २००० साली जागतिक वारशाचा मान मिळाला. त्या बागांनाही भुंग्याने सोडलं नाही. २०१७ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने या एका कीड्यासाठी रोममध्ये अनेक देशांची बैठक बोलावली. भूमध्य समुद्राकाठच्या देशांनी काढलेला उपाय ओकवाल्यांसारखाच आहे : खजुराच्या, ताडाच्या जातीच्या झाडांची छाटणी हिवाळ्यात करा. थंडीत भुंगा फारसा उडत नाही.

मग आपण कोकणात काय करायचं? इथेच माझी गाडी अडली होती. आपल्याकडे तसली थंडी कुठे आहे? विरारला जानेवारीत स्वेटर घालतो तो हौसेने. भुंगा आपल्याकडे बारा महिने असतो. त्यात पावसाळ्यात कोंब कुजवणारी बुरशीही असते. म्हणजे आपल्याला सुरक्षित महिना मिळत नाही. आपली वेळ महिन्यांत मोजायची नाही, तासांत मोजायची. घाव ओला आहे तेवढा वेळ धोका आहे. तो वेळ आपण जितका कमी करू तितकं झाड सुरक्षित.

यासाठी माडीवाल्या काकांनी आणि पुढे कृषी खात्यातून निवृत्त झालेल्या एका स्नेह्यांनी मला जे शिकवलं ते सांगतो. पहिली गोष्ट, हिरवी झावळी कापायचीच नाही. सुकून लोंबणारी, हिसका दिला की निघणारी तेवढीच काढायची. दुसरी, कापणं अगदीच भाग असेल तर खोडालगत कापायचं नाही. खोडापासून साधारण १२० सेंटिमीटर, म्हणजे चार फूट देठ राखायचा. तो देठ पुढून वाळत येतो, आणि टोकाला अंडी पडलीच तरी अळ्यांना खोडापर्यंत पोहोचता येत नाही. ‘साफ’ कापण्याचा माझा आग्रह किती महागात पडला ते आता कळलं असेल. तिसरी, घावावर त्याच वेळी लेप. बोर्डो पेस्ट घरी करता येते : एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळं भिजवायचं आणि मग एकत्र करायचं, भांडं प्लास्टिकचं किंवा मातीचं, लोखंडाचं नको. खोडावरचं भोक किंवा खाच डांबराने, सिमेंटने बुजवायची. माणूस वर चढण्याआधी लेप तयार असला पाहिजे, खाली उतरल्यावर दुकानात जायचं नाही.

चौथी गोष्ट कानाची आहे. पाच ते वीस वर्षांचे तरुण माड या भुंग्याला जास्त बळी पडतात. आठवड्यातून एकदा त्यांच्या खोडाला कान लावावा. आत अळ्या खात असतील तर कुरकुर ऐकू येते. बुंध्याशी भोक, भुसा, तपकिरी रस, आंबलेला वास, आतल्या झावळ्या पिवळ्या पडणं, यांतलं एकही दिसलं तर तो रस माझ्यासारखा धुऊन टाकू नका. त्याच दिवशी जाणकाराला बोलवा. शेंडा शाबूत असेपर्यंत योग्य औषध देऊन माड वाचवता येतो. शेंडा मोडला की संपलं.

बागा असतील तर गंधाचे सापळेही लावतात. नर भुंगा एक गंध सोडून इतरांना बोलावतो. तो गंध शास्त्रज्ञांनी १९९३ साली ओळखला आणि आता कुप्यांमधून मिळतो. बादलीत तो गंध आणि आंबवलेलं खाद्य ठेवलं की भुंगे त्यात पडतात. पण सापळा तरुण माडांना चिकटून टांगू नये, नाहीतर बोलावलेले पाहुणे माडावरच उतरायचे.

आता उशिराची गोष्ट. माड मेला की आपल्याला वाटतं, संपलं. भुंग्याच्या हिशेबाने मेलेला माड हे भरलेलं कोठार आहे. आत अळ्या असतात, कोश असतात आणि त्यांतून भुंगे बाहेर पडत राहतात. माझे कुंपणाशी रचलेले ओंडके दुसऱ्या माडाच्या शेजारी मी स्वतः मांडलेलं भुंग्यांचं घरटंच होतं. असा माड ठेवायचा नाही. तोडायचा, त्याच दिवशी उभा चिरायचा, आणि कीड लागलेला भाग जाळायचा किंवा खोल पुरायचा. रस्त्याच्या कडेला टाकून ‘उद्या गाडी येईल’ म्हणायचं नाही. निसर्ग वादळ ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा श्रीवर्धन, दिवेआगर भागातल्या माडा-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. २०२१च्या मे महिन्यात तौक्तेचा तडाखा आमच्या वसई-विरारलाही बसला. वादळानंतर घराचं छप्पर आधी, बागेचं मागाहून, हे समजण्यासारखं आहे. तरी मोडलेले माड आणि उभ्या माडांच्या उघड्या जखमा फार दिवस तशाच ठेवून चालत नाही.

शहरात आणखी एक वेळ सांभाळावी लागते, ती कागदाची. शहरी हद्दीत झाड तोडायला १९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे वृक्ष अधिकाऱ्यांची परवानगी लागते. हा कायदा हवाच, नाहीतर आमच्याकडे एक झाड उरलं नसतं. पण अर्ज, पाहणी, शेरा यांना दिवस लागतात आणि भुंगा त्या दिवसांत थांबत नाही. म्हणून संशय आला त्याच दिवशी अर्ज करावा, फोटो जोडावेत आणि ‘झाड कीडग्रस्त आहे, शेजारच्या झाडांना धोका आहे’ असं स्पष्ट लिहावं. पावसाळ्यापूर्वी सोसायट्यांमध्ये फांद्या छाटायची मोहीम निघते तेव्हाही सभासदांनी विचारावं : माडाच्या हिरव्या झावळ्या का काढता? लेप कुठे आहे? छाटलेलं कधी उचलणार? या प्रश्नांना खर्च नाही.

थोडक्यात, ओक असो वा माड, झाड निरोगी असेल तर हत्यार उचलण्याआधी थांबा आणि घाव उघडा ठेवू नका. झाड आजारी असेल तर थांबू नका. आपण नेमकं उलट करतो. निरोगी झाडावर मुहूर्ताच्या आदल्या दिवशी कुऱ्हाड चालवतो आणि मेलेलं झाड वर्षभर कुंपणाशी ठेवतो.

माझा तिसरा माड वाचला. त्याच्या खोडातही भोकं होती, पण त्या वेळी कान लावला आणि वेळेवर औषध मिळालं. खोडावर सिमेंटचं एक ठिगळ आहे, त्याच्या वर आता शहाळी लागतात. अब्बा आज नाहीत. ज्या मुलीसाठी त्यांनी रोपं आणली होती तिचं लग्न येत्या हिवाळ्यात आहे. परवा मांडववाला जागा बघायला आला. वर पाहून म्हणाला, ‘चाचा, या चार झावळ्या उडवल्या की मांडव सरळ बसेल.’

मी त्याला म्हटलं, मांडव वाकडा बसू दे.